जमेल का

चेंडू टाकण्याआधी फुतोलने मान वाकवून कपाळ खांद्याला पुसलं. हात वर नेला नाही.

प्रेक्षकांत बसून लेकीसाठी अंडं सोलता सोलता शू-च्युन थांबली. तिचा नवरा चिन-हुई बेसबॉलच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा होता, तेव्हा शेवटच्या वर्षी तोही घाम असाच पुसायचा. चेंडू फेकण्यापुरता हात वर जायचा, एरवी नाही. तेव्हापासून त्याच्या शर्टाची वरची बटणं तीच लावत आली होती. आता तो या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. आजचा सामना हरला तर तेही संपणार, हे मालकांनी सकाळी चहा पाजून, गोड बोलून सांगितलं होतं.

“वहिनी, बघा ना ह्याला! बाही म्हणजे टॉवेलच.” शेजारी बसलेली फुतोलची बायको नाकाव हसत म्हणाली. तिला सातवा महिना होता. मग तिचं हसू ओसरलं. “आज जरा जास्तच करतोय, नाही? दुखत तर नसेल? तसं असेल तर आत्ता खाली जाऊन कोचना सांगते. हे एवढं पोट बघून मला अडवतोय कोण!”

शू-च्युनने अंड्याचं टरफल मुठीत चुरलं.

“अगं, ऊन किती आहे. घाम पुसतोय नुसता.”

“तसंच असेल. तुम्हाला कळतं त्यातलं.” नाकाव पुन्हा टेकून बसली.

खाली चिन-हुई मैदानात गेला. तोंडावर हात धरून त्याने फुतोलला काहीतरी विचारलं. फुतोलने मान डोलावली. चिन-हुई त्याला न बदलता एकटाच परत आला, आणि पाठीराख्यांचे ढोल दणाणले.

शेवटचा गडीही फुतोलनेच बाद केला. नाकावने शू-च्युनला मिठी मारली. पोटामुळे ती अर्धीच जमली.

“केवढा विश्वास आहे कोचचा ह्याच्यावर!”

बाहेर गाडीपाशी शू-च्युनने चिन-हुईला गाठलं. लेक झोपली होती.

“काय विचारलंस त्याला?”

“जमेल का म्हणून.”

“आणि दुखतंय का?”

चिन-हुईने गाडीचं दार उघडलं, पण तो आत बसला नाही.

“ते विचारलं असतं, तर त्याने खरं सांगितलं असतं.”

शू-च्युनने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आपल्याला तेच कोणीतरी विचारलं होतं, हे तिने त्याला सांगितलं नाही.