गाडी उनी

रेतव्याचं स्टेशन बंद झालं तेव्हा रेल्वेनं रूळ उपटून नेले, घंटा नेली, पाटीसुद्धा नेली. उषाबाईंचा गळा तेवढा त्यांना नेता आला नाही.

सुरतेजवळच्या उधन्याहून समुद्राकडे जाणारा हा एवढासा फाटा. उषाबाईंचा नवरा लोटू खानदेशातून येऊन इथं रूळ बदलणारा पॉइंट्समन झाला आणि बाईंनी फलाटावर चहाची टपरी टाकली. लोटूचा आवाज कायमचा बसलेला, ओरडला की फाटायचा. म्हणून लांबवर धूर दिसला की ओरडायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं. "गाडी उनी!" अहिराणीत उनी म्हणजे आली. किनाऱ्यावरच्या गुजराती कोळणी आधी हसल्या, मग त्याच हाकेवर टोपल्या उचलून पळायला शिकल्या. घंटेचा काय भरवसा, ती वाऱ्यानंही वाजायची.

एक्याण्णवात फाटा गेला, मागोमाग लोटूही गेला. कोळणी हायवेपर्यंत चालत जायच्या आणि सुरतेला पोचेपर्यंत मासळीचा वास मारायचा. त्यांच्यातल्या थोरल्या चंचलबेननी एसटीच्या साहेबांचा पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे ते कबूल झाले: एक दिवस बस पाठवू, भरली तर रोज, नाहीतर विषय संपला. उषाबाईंनीही मुलाला, धर्मेंद्रला, शब्द दिला होता की बस सुरू झाली नाही तर टपरी मोडून उधन्याला तुझ्याकडे येईन. या शब्दानं त्यांचं काळीज तुटत होतं.

बस सकाळी जुन्या फलाटापाशी येणार होती. एसटीची सकाळ ती! ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नाही. होड्या लागल्या तशा बायका वैतागून किनाऱ्यावर गेल्या. फलाटावर उरल्या उषाबाई आणि त्यांना न्यायला आलेला धर्मेंद्र, ज्याला अहिराणीची इतकी लाज की घरातसुद्धा गुजराती फाडायचा.

आणि नेमकी तेव्हाच बस आली. रिकामा फलाट बघून बसमधून आलेले साहेब हसले आणि ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली.

धर्मेंद्र वाळूच्या टेकाडावर धावला. "बस आवी गई!" एकही मान वळली नाही. होडी आवी, बरफ आव्यो, दिवसभर तेच कानावर पडायचं, त्यात बसचं कोण ऐकणार?

उषाबाईंनी किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळा जीव गळ्यात आणून हाक दिली.

"गाडी उनी!"

अख्खा किनारा उठला. चंचलबेन सर्वांत पुढे, मागे टोपल्या, पोरंटोरं आणि ज्यांचं सुरतेत काडीचं काम नव्हतं असे म्हातारेही. बस इतकी भरली की कंडक्टर पायरीवर लोंबकळला. उद्यापासून रोज, साहेब म्हणाले, दुसरं म्हणणार काय. उषाबाई भर फलाटावर रडल्या आणि रडता रडता हसल्या.

धर्मेंद्रनं बांधलेलं सामान सोडलं, कामाला दांडी मारली आणि रात्री तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी बस वळणावर दिसली, तर बाईंनी तोंड उघडायच्या आत तोच टेकाडावर पोचला होता.

"गाडी उनी!"

आवाज बापासारखा फाटला, पण किनारा उठला.