आमच्या गल्लीचा हातभार

आमच्या गल्लीत कुणाचं काही अडून राहत नाही. वेल्डर बायकोला मारायचा, तेव्हाही सगळी गल्ली तिच्या पाठीशी उभी असायची. म्हणजे, मारून झाल्यावर. कंपाउंडर मलम आणून द्यायचा, सुतार मोडलेलं दार फुकट बसवून द्यायचा, शिंपीणकाकू तिच्या लेकीला जेवू घालायच्या. अशी तीन वर्षं सुखात गेली.

मग एका भर दुपारी वेल्डरनं तिचा हात चौकटीवर धरून दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या सलूनपर्यंत आला. न्हावी वस्तरा ठेवून धावला. पाठोपाठ अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही धावलं.

वेल्डरला रस्त्यावर आणून मारलं, ते मात्र शिस्तीत. आधी तुम्ही, नाही नाही, तुम्ही शेजारचे, असं एकमेकांना म्हणत. सुतारानं गुडघा फोडला. न्हाव्यानं दोन दात पाडले. निवृत्त मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बरगडीत एक लाथ घातली, काहीतरी मोडल्याची खात्री केली आणि चष्मा पुन्हा लावला. शिंपीणकाकूंनी इस्त्री आणली होती. ती गरम नव्हती, एवढीच वेल्डरची पुण्याई. कपाळ उभं फाटलं.

रक्त थांबेना, तेव्हा त्याच मंडळींनी त्याला हातगाडीवर घालून इस्पितळात पळवलं. रक्त द्यावं लागेल म्हटल्यावर रांग लागली. न्हाव्याची मूठ सुजली होती. त्यानं दुसरा हात पुढे केला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वाचला, म्हणाल्या. पण तीन महिने अंथरूण. घरी नेऊन याचं सगळं कोण करणार?

चौदा हात वर झाले. सुतार खाट द्यायला तयार, मास्तर पेपर वाचून दाखवायला.

वेल्डरची बायको, आमची वहिनी, बाकावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, शेजारी लेक.

"घरी म्हणजे कुणाच्या?"

चौदाही हात वरच राहिले.

"हात खाली घ्या. तीन वर्षं मलम लावलंत, आज मारलंत, आणि आता परत माझ्याच घरात आणून टाकताय?"

हात खाली आले. सुताराचा तेवढा राहिला होता, तो त्याच्या बायकोनं ओढला.

वहिनीनं डॉक्टरीणबाईंना दिराचा नंबर दिला. भाऊ आहे, नेईल, म्हणाली. मग उठली.

"मला आज दाराचं कुलूप बदलायचंय. कोण येतं?"

सगळेच निघाले. एका कुलपाला एवढी माणसं कशाला, असं तिनं विचारलं नाही. धडधाकट हातानं लेकीचं बोट धरून ती पुढे चालू लागली.