टाकीला पुरणपोळी बाधली

पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नांदूरघाटाजवळच्या त्या वाडीनं यंदा पुरणपोळी चारली ती गॅसच्या टाकीला! तीही एका घरानं नव्हे, जवळजवळ अख्ख्या गावानं. आता अशा माणसांना काय म्हणावं? वेडी म्हणावं तर त्यांची माया आडवी येते, आणि मायाळू म्हणावं तर केलेला उद्योग डोळ्यांसमोर येतो.

टाकी स्वप्नालीची. ऊस तोडणाऱ्या केशरबाईची ही लेक विद्यापीठात पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता गावाची घाण. शेण, गव्हाणीत उरलेलं चघळ, आठवडी बाजारात फेकलेले सडके टमाटे, कोबीचा पाला, हे सगळं टाकीत कुजवून गॅस किती निघतो, उरलेल्या पातळ काल्याचं, म्हणजे रबडीचं, खत कसं होतं, याचा तिचा अभ्यास. गावानं थट्टा करायची ती केलीच. "शिकून शिकून पोरगी शेणात गेली की," असं गहिनीनाथनाना पारावर बसून म्हणायचे. पण शेगडीवर निळा जाळ उभा राहिला, तेव्हा त्यावरचा पहिला चहा नानांनीच मागून घेतला.

या जाळावर फार मोठी गोष्ट अडकली होती. दसरा झाला की वाडीतली निम्मी घरं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला निघतात. त्यांच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह होतं, पण मागल्या साली सरपणावाचून चूल थंडावली, स्वयंपाकीण धुराला कंटाळून निघून गेली, आणि मायबापांनी येऊन आपापली लेकरं फडावर नेली. त्यांची शाळा तिथंच सुटली. स्वप्नालीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची तिसरीची शाळा अशीच उसाच्या फडात गेली होती, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधता बांधता. म्हणून ती सरपंचांकडं, अमरसिंहदादांकडं गेली. वसतिगृहाचा स्वयंपाक टाकीच्या गॅसवर करू, रांधायला माझी आई थांबेल, असं तिनं सांगितलं.

दादा हाडाचे राजकारणी. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "दसऱ्याला तोडीवाल्यांची पंगत आसती. समदा गाव जेवतो. ती पंगत तुज्या टाकीवर शिजली, तर वसतिगृह चालू. न्हाई शिजली, तर लेकरं जातील मायबापासंग. मग माज्याकडं यायचं न्हाई."

"शिजंल, दादा," स्वप्नाली म्हणाली. बोलून बसली खरी!

मधे आला पोळा. आता वाडीत बैल उरलेत किती? ट्रॅक्टर आले नि दावणी रिकाम्या झाल्या. पुरण मात्र घरोघरी शिजतंच, आणि नैवेद्य चारायला जनावर नाही. स्वप्नाली त्या दिवशी विद्यापीठात होती. मागं कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही टाकी तरी काय, शेण-चारा खाते आणि गावाचं काम करते, मग बैलच की! झालं. टाकीला गेरू लागला, बाशिंग चढलं, झूल पांघरली गेली, आणि बाया ताटं घेऊन आल्या. "खा बाबा, पोटभर खा," करत पुरणपोळ्या, वर भात, वर गुळवणी, सगळं तिच्या तोंडात सारलं. टाकी बिचारी नको कसं म्हणणार?

स्वप्नाली परतली तर शेगडी पेटेना. काडी ओढावी, फूस व्हावं आणि विझावं. गॅस साठवायचा रबरी फुगा टम्म भरलेला, पण आतला गॅस जळायच्या लायकीचा नव्हता. टाकीचं झाकण उघडलं तर आंबूस भपकारा आला. आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी रबडीत बुडवून तिनं रंग पाहिला. गोडधोड एकदम पोटात जाऊन टाकी पार आंबली होती. तेवढ्यात टाकीच्या तोंडाशी अडकलेला पुरणपोळीचा तुकडा दिसला.

"कुणी केलं हे?" ती अशी कडाडली की पारावरची माणसं उठून आली.

केशरबाईच पुढं झाली. "म्या बी घातल्या गं. सणाचा दिस. समद्यांनी ग्वाड खाल्लं, मग तिनंच कामून उपाशी ऱ्हावं?"

आईचं ते तोंड बघून स्वप्नालीचा राग कुठल्या कुठं गेला. उरली ती नुसती भीती. तिनं विद्यापीठातल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, टाकी रिकामी करा, धुवा, पहिल्यापासून भरा, दोन-अडीच महिने धरा. दसरा तर महिन्यावर आलेला! अमरसिंहदादांनी पंगतीच्या मोठ्या चुलीसाठी, चुलवणासाठी, लाकडं आणून टाकायला सांगितली. लेकरांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

स्वप्नालीनं रात्रभर विचार केला. प्रयोगशाळेत तिनं अशीच रबडी बाटल्यांत मुद्दाम आंबवली होती आणि त्यातल्या काही बाटल्या परत ताळ्यावर आणल्या होत्या. काही मात्र मेल्या होत्या. बाटलीत जमलेलं टाकीत जमेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण टाकी रिकामी केली तर दसरा गेलाच, एवढं तरी नक्की होतं.

सकाळी ती पारावर जाऊन उभी राहिली. "धान्याच्या राशीत तोंड घालून बैल फुगला तर काय करता, नाना?"

"वैरण बंद! दुसरं काय?"

"मग टाकीबी फुगलीय. म्या सांगूस्तोवर तिच्यात पान टाकायचं न्हाई."

मग काय विचारता! दुखणं बैलाचं म्हटल्यावर अख्ख्या वाडीला कळलं. टाकीजवळ कुणी पाला घेऊन फिरकलं तरी बाया हाकाटी करायच्या. स्वप्नाली आंबटपणा मारायला रोज थोडा थोडा चुना कालवून सोडायची, पट्टी बुडवून बघायची. आणि दही बिघडलं की शेजारचं विरजण आणावं, तसं तिनं दिंद्रुडच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या गोबरगॅसमधली ताजी रबडी पिंपं भरभरून टेम्पोनं आणली. रोज काडी ओढायची, रोज फूस. नानांची थट्टाही बंद पडली, तेव्हा तर तिचा धीरच सुटायला आला.

आणि नवरात्रात एका सकाळी काडी विझली नाही. जाळ आधी पिवळा थरथरला, मग निळा झाला आणि टिकला. स्वप्नाली अशी किंचाळली की केशरबाई विंचू चावला समजून पळत आली!

दसऱ्याला पंगतीच्या कढया शेगड्यांवर चढल्या. शेजारी चुलवण रचून तयार, आणि नाना हातात काडेपेटी घेऊन बसलेले. भात झाला, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. शेवटी बुंदीची कढई चढली आणि जाळ बसू लागला. फुगा उतरला होता.

"लावू का लाकडं?" नानांनी विचारलं.

"थांबा, नाना! फुग्यात गॅस हाय, जोर न्हाई. पोती आणा!"

माणसं धावली. ज्वारीची पोती फुग्यावर अलगद ठेवली, तसा जाळ हळूहळू वर आला. नानांनी काडेपेटी खिशात घातली आणि एक पोतं स्वतःच्या पाठीवरून आणून टाकलं. शेवटचा झारा निघाला तेव्हा जाळ अजून जळत होता. गावानं असा गलका केला की देवळावरची कबुतरं उडाली.

अमरसिंहदादा पोटभर जेवले, पाणी प्याले आणि उठून म्हणाले, "वसतिगृह चालू. उद्यापासनं."

पंगत अजून उठायची होती. तेवढ्यात शिवकन्या आली, केशरबाईच्याच टोळीतली. ट्रॅक्टरमध्ये बांधून ठेवलेलं बोचकं सोडून तिनं आपल्या सायलीचे कपडे आणि दप्तर काढून आणलं होतं. ते केशरबाईच्या हातात देऊन ती म्हणाली, "घ्या. म्या परत येईन तवा माजी पोरगी चौथी पास झालेली पायजे." आणि मग रडली.

तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. केशरबाईच्या हातांत दप्तरं मावेनात, तेव्हा स्वप्नालीनं आपली ओढणी पसरली.