साठ मोजेपर्यंत

थंड पाण्याचा नळ स्वतःच्या हाताने सुटत नाही. ज्याला पटत नसेल त्याने बारा मिनिटं सौनात भाजून घ्यावं आणि मग करून बघावं. हात नळापर्यंत जातो आणि तिथूनच माघारी फिरतो. म्हणून माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं ठरलेलं होतं, माझा नळ तिने सोडायचा आणि तिचा मी. सोडणारीने मोठ्याने साठपर्यंत मोजायचं. मधे कितीही शिव्या खाव्या लागल्या तरी साठ झाल्याशिवाय नळ बंद करायचा नाही.

सहा वर्षं दर बुधवारी आम्ही हे करत होतो. तरणतलावाच्या मागे सौनाची ती लाकडी फळ्यांची गरम खोली आहे. आत दोन पायऱ्यांचं बाकडं, कोपऱ्यात तापलेले दगड. बारा मिनिटं आत, एक मिनिट शॉवरखाली, मग टॉवेल गुंडाळून खुर्चीत गप्प बसायचं. असे तीन फेरे. मी बावीस वर्षं सिटी बस चालवली, त्यामुळे पाठीचं लाकूड झालेलं. धाकटी आमच्याच डेपोच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या ड्युट्यांचे तक्ते बनवते, तिची मान आखडलेली. आमचे हे म्हणायचे, "गरम पाणी घरातही येतं की." मी म्हणायचे, "येतं ना, पण घरात तुम्हीही असता." बाई, तुझं काय दुखतंय, असं विचारायला घरात कुणाला सवड नव्हती. बुधवारचा तो दीड तास तेवढा आमचा होता.

आत घाम सुटला की तोंडही सुटतं. अशीच एकदा वरच्या पायरीवर बसले असताना मी तिला सांगून टाकलं. थंड पाण्याखाली गेले की डाव्या डोळ्यापुढे अंधारी येते, तू साठ म्हणेपर्यंत जाते. आणि परवा एकदा स्टिअरिंगवरही आली. सिग्नलला उभी होते म्हणून निभावलं.

"ताई, डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली.

"दाखवते," मी म्हटलं.

दाखवलं नाही. दाखवलं की गाडी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको. मला दुसरं काही येत नाही. मला तेवढी मोठी गाडी अरुंद गल्लीतून आरसा न घासता काढता येते, आणि ती काढताना मी जेवढी खूश असते तेवढी इतर कुठेच नसते.

दोन आठवड्यांनी डेपोच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. माझ्या नजरेबद्दल कुणीतरी कळवलं होतं. कुणी, ते सांगायचा नियम नव्हता. दुसरी तपासणी होईपर्यंत गाडी बंद आणि मी हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर. लोकांच्या छत्र्या आणि जोडीदार नसलेले हातमोजे सांभाळत बसले.

माझा संशय टकल्यावर. तो माझ्याच मार्गावर दुपारची पाळी चालवायचा आणि सकाळची पाळी त्याला कधीपासून हवी होती. त्या बुधवारी सौनात मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "असेल, ताई," म्हणाली, "माणसाचा काय भरवसा." पुढचे दोन बुधवारही तेच झालं. मी शिव्या घालायचे, ती डोळे पुसायची, आणि मग माझा नळ सोडून साठपर्यंत मोजायची. टकल्या एकदा काउंटरवर माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी त्याच्यादेखत तो कुंडीत ओतला. बिचारा रिकामा कप घेऊन गेला.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टर समोरचा कागद वाचत म्हणाले, "थंड पाण्याखाली अंधारी येते ती साठ मोजेपर्यंत जाते, असं लिहिलंय. अजून तेवढाच वेळ लागतो का?"

मी म्हटलं, "साठ?"

त्यांनी कागदावर हात ठेवला. तसं करायची काही गरज नव्हती. माझ्यासाठी साठपर्यंत मोजणारं माणूस मला एकच माहीत होतं. त्यानंतर त्यांनी दिवे लावून, थेंब घालून काय काय तपासलं ते मला आठवत नाही. शेवटी म्हणाले, गाडी आता कायमची बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि चोराच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते.

बुधवारी मी गेले. न जाऊन करते काय? दार लागल्याबरोबर विचारलं, "तू कळवलंस ना?"

ती गुडघे छातीशी घेऊन बसली. "माझी पोरगी रोज सकाळी तुमच्या गाडीत बसायची, ताई," ती म्हणाली. "माझी झोप उडाली होती."

"मग मला सांगायचं होतंस. माझ्या तोंडावर."

"तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. ते मलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "कळवलंस, बरं केलंस. तुझ्या जागी मीही कळवलं असतं कदाचित. पण तीन बुधवार माझ्या खांद्यावर रडलीस ते कशासाठी? टकल्याला मी नाही नाही ते बोलले आणि तू माझ्या होला हो करत बसलीस. केसाने गळा कापलास तू माझा. आणि वर माझीच समजूत काढलीस."

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "तुम्ही बुधवारी यायच्या बंद व्हाल म्हणून."

बारा मिनिटं झाली. सवयीने दोघी उठलो. ती शॉवरखाली जाऊन उभी राहिली, डोळे मिटून, माझी वाट बघत. मी नळ सोडला आणि मोजलं. एकही आकडा गाळला नाही, एकही घाईने म्हटला नाही. साठला बंद केला आणि टॉवेल हातात दिला.

मग माझी पाळी. ती सवयीने नळाकडे गेली.

"राहू दे," मी म्हटलं. "माझा मी सोडते."

आणि सुटला. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने सुटला. पाणी डोक्यावर आलं तसा श्वास अडकला. ती डाव्या बाजूला टॉवेल धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मोजत असावी.

"ताई, अंधारी येतेय का?" तिने विचारलं.

डाव्या बाजूला ती आता मला दिसत नव्हती.

"नाही," मी म्हटलं.