ऊन दाखवलेली काच

माझ्या नवऱ्याला, ड्वाइटला, फोटो काढण्याची फारशी हौस नाही. त्याला हौस आहे लेन्सची, आणि लेन्सपेक्षाही ती स्वस्तात पटकावल्याची. जुन्या, हाताने फिरवून फोकस जुळवायच्या, धातूच्या लेन्स. आमच्या जेवणघरातल्या काचेच्या कपाटात पूर्वी माझ्या आईच्या चिनीमातीच्या ताटल्या होत्या. त्या आता तळघरात खोक्यात गेल्या आणि त्यांच्या जागी लेन्स बसल्या. कोणी जेवायला आलं की हा एकेक काढून हातात देतो. कुठल्या लेन्सने काय सुंदर टिपता येतं, ते सांगत नाही. कुठे मिळाली आणि केवढ्याला, ते मात्र पाहुण्याचं सूप गार होईपर्यंत सांगतो.

मे महिना लागला की आमच्या सॅनडस्की गावात शनिवारी घरोघर गॅरेजची दारं उघडतात आणि लोक घरातली अडगळ विकायला मांडतात. आम्ही सकाळीच निघतो. ड्वाइटचं त्यातलं एक शास्त्र आहे. टेबलावर कॅमेरा दिसला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. आधी एखाद्या गंजलेल्या पान्याची किंमत विचारायची, ती जास्त आहे म्हणून मान हलवायची आणि मग जाता जाता, हे काय बुवा, असं म्हणत कॅमेरा उचलायचा. खिशातून छोटी टॉर्च काढायची, लेन्सच्या एका बाजूने उजेड पाडून दुसऱ्या बाजूने बघायचं आणि उसासा टाकायचा.

तो उसासा ऐकण्यासारखा असतो. शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडे बघून टाकतो ना, तसला. समोरचा माणूस हबकतो. आत बुरशी आहे की काय, धुकं धरलंय की काय, त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो पटकन किंमत उतरवतो. ड्वाइट म्हणतो, या नादातले सगळेच असं करतात. करत असतील. घासाघीस मीही करते, भोपळ्यावरून, मक्यावरून, उघड उघड आणि हसत. पण त्या उसाशाची मला पहिल्यापासून लाज वाटायची. लाज वाटायची आणि मी काही बोलायचे नाही. इतकी वर्षं संसार केला की बायका नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टींना लाजतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

या वर्षी मे महिन्यात आम्ही रेल्वेफाटकापलीकडे मिसेस ब्रांटच्या घरी थांबलो. म्हातारी मला चर्चमुळे तोंडओळखीची. नवरा एमिल टपाल वाटायचा; तो जाऊन बरीच वर्षं झाली. ती गवतावर खुर्ची टाकून बसली होती आणि आलेल्या प्रत्येकाला लिंबू सरबत घ्याच म्हणत होती. टेबलावर नाताळच्या दिव्यांच्या माळा, वॉफलचा साचा, मासे धरायचे गळ, आणि त्यांच्या मधोमध एमिलचा कॅमेरा. जपानी. पुढे पन्नास मिलिमीटरची ताकुमार लेन्स.

ड्वाइटने गळांची चौकशी केली. मान हलवली. मग कॅमेरा उचलला आणि टॉर्च लावली. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. आतली काच चहासारखी पिवळी होती.

आता ही पिवळी काच काय असते ते मला झोपेतही सांगता येईल, इतक्यांदा मी ते ऐकलंय. त्या काळच्या काही लेन्सच्या काचेत कसलासा जड धातू घालत. अशी लेन्स अंधारात पडून राहिली की हळूहळू पिवळी पडते. ती खराब नसते. काही आठवडे खिडकीत ठेवली, ऊन दाखवलं, की पाण्यासारखी स्वच्छ होते. ज्याला ठाऊक नाही तो फेकून देतो आणि ज्याला ठाऊक आहे तो अशीच शोधत हिंडतो.

ड्वाइटने उसासा टाकला.

"काय झालं?" मिसेस ब्रांटने विचारलं.

"काच गेलीय हो हिची," ड्वाइट म्हणाला. "बघा, पिवळी पडलीय. कुठे ठेवला होता कॅमेरा?"

"ड्रॉवरमध्ये. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून. एमिल गेला तेव्हापासून मी हातही नाही लावला."

"तिथेच चुकलं. अंधारात ठेवलं की असं होतं. उजेड लागतो याला."

"अगं बाई," म्हातारी म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं, जपून ठेवतेय. आता काही करता येईल का?"

मी ड्वाइटकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"आता काय होणार," तो म्हणाला. "सुटे भाग म्हणून वापरेन फार तर. पाच डॉलर देतो."

"छे छे, नासलेल्या वस्तूचे पैसे कशी घेऊ? असाच घेऊन जा. माझ्याच हाताने गेला तो." तिने त्याची नोट परत त्याच्या हातात कोंबली. मग म्हणाली, "त्याच्या बाकीच्या गोष्टींचंही असंच होतं का हो? फोटोंच्या सामानाचं?"

ड्वाइट तोवर निघाला होता. एकदा माल हातात आला की त्याचा पाय ठरत नाही. "सगळ्यांचं तेच," तो खांद्यावरून म्हणाला. "अंधार वाईटच."

आम्ही सरबतही प्यायलो नाही. गाडीत बसल्यावर त्याने मांडीवर थाप मारली. "फुकट! मार्लीन, फुकट! शंभराची लेन्स आहे ही."

"ती बिचारी रडकुंडीला आली होती," मी म्हणाले.

"म्हातारी माणसं येतातच रडकुंडीला. अडगळ गेली तिची, बरंच झालं."

लेन्स आमच्या स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या खिडकीत बसली, खाली चांदीचा कागद. मी भांडी घासायचे आणि ती समोर. जून सरता सरता काच इतकी नितळ झाली की तिच्यातून बागेतला टोमॅटो उलटा दिसायचा. ड्वाइटने तिला कपाटात पुढच्या रांगेत जागा दिली. पाहुण्यांना तो गोष्ट सांगायचा तेव्हा म्हातारीचा आवाज काढायचा: माझ्याच हाताने गेला तो. पाहुणे हसायचे. मी ताटं उचलायला घ्यायचे.

ऑगस्टच्या शेवटी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या पर्च माशांचं जेवण होतं. मी वाढत होते. मिसेस ब्रांट रांगेत आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"तुलाच शोधत होते गं. तुझ्या नवऱ्याला माझा निरोप सांग. फार उपकार झाले म्हणावं."

"कसले उपकार?"

"त्यांनी सांगितलं म्हणून वाचलं ना सगळं. एमिलच्या फोटोंच्या स्लाइड्स, अगं! सगळं आयुष्य त्याच्यात आहे. लग्न, पोरं, गोठलेल्या खाडीवरच्या शिडाच्या गाड्या, त्याची आई. मी त्या पत्र्याच्या डब्यांत घालून, कपाटाच्या तळाशी ठेवल्या होत्या. अंधारात! लेन्स गेली तशा त्याही गेल्या असत्या. मी सगळ्या बाहेर काढल्या. ये बघायला. आजच ये, जेवण झालं की."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "मार्लीन, मासा थंड होतोय!" रंगीत फोटोला ऊन काय करतं हे कळायला लेन्सचा नाद असावा लागत नाही. कुठल्याही दुकानाच्या खिडकीतली जुनी जाहिरात बघावी.

मी गेले. तिच्या घराला मागच्या बाजूने काचेचा व्हरांडा आहे, दुपारभर ऊन येतं. प्रत्येक तावदानावर तिने पारदर्शक कप्प्यांच्या पिशव्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक कप्प्यात एक स्लाइड. खालपासून वरपर्यंत. वरच्यांसाठी खुर्चीवर चढली होती म्हणे, या वयात.

मी जवळ जाऊन बघितलं. काही फिकट गुलाबी होत्या. काहींत माणसाच्या जागी एक पांढुरका डाग उरला होता. एकीत केकची बाहेरची कडा होती आणि केकमागे कोणी नव्हतं.

"मला बारीक दिसत नाही आता," मिसेस ब्रांट माझ्या पाठीशी उभी राहून म्हणाली. "पण उजेड कळतो. आधी किती काळवंडल्या होत्या! आता बघ, कशा उजळल्यात. गुण येतोय ना?"

"हो," मी म्हणाले. देवाशपथ, मी हो म्हणाले. आणि पर्स उचलून घरी पळाले.

ड्वाइट गॅरेजमध्ये होता. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग, पुरुषांचा होतो तसा, कायदेशीर झाला.

"स्लाइड्स उन्हात लाव, असं मी म्हणालो नव्हतो."

"तिने विचारलं, फोटोंच्या सामानाचं असंच होतं का. तू म्हणालास, सगळ्यांचं तेच."

"बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून."

"ओघात नाही. तुला पळायचं होतं."

"मग आता काय करू? जाऊन सांगू, बाई, तुमचा नवरा पुसला गेला? तिला दिसतही नाही. खूश आहे ती. राहू दे ना तशीच."

"आणि जे शिल्लक आहेत ते? रोज ऊन येतंय तिथे, ड्वाइट. आजही येतंय."

त्याने हातातलं फडकं खाली टाकलं. मग आत गेला, कपाट उघडलं आणि ती लेन्स खिशात घातली. जाताना गाडी मी चालवली. नवऱ्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकी दयाही कधी आली नव्हती. दोन्ही एकाच वेळी येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मिसेस ब्रांटने दार उघडलं आणि तिला इतका आनंद झाला की आम्हाला तिच्याकडे बघवेना. ती थेट त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. "बघा, तुमच्यासारखा जाणकार हवा. किती दिवस अजून ठेवू?"

ड्वाइट तावदानांसमोर उभा राहिला. बघत राहिला. मला वाटलं, आता हा फिरवाफिरवी करणार. पुरे झालं ऊन, आता काढा, असं काहीतरी म्हणून सुटणार. मलाही मनातून तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

"आजच काढायच्या," तो म्हणाला. "यांचे रंग उडून गेलेत, मिसेस ब्रांट. उन्हाने जातात या. पुष्कळशा गेल्या."

"पण तुम्हीच म्हणालात, अंधार वाईट."

"खोटं बोललो मी. तुमची लेन्स मला हवी होती. ती खराब नव्हती झाली, उन्हात ठेवली की नीट होते, ते मला माहीत होतं. स्लाइड्सचं मी विचारही न करता बोललो." त्याने लेन्स काढून टेबलावर ठेवली. "ही तुमची."

म्हातारीने लेन्सकडे बघितलं नाही. ती वेताच्या खुर्चीत बसली.

"म्हणजे त्या डब्यांतच बऱ्या होत्या?"

"हो."

"मी ठेवल्या होत्या तशाच?"

"हो. तुम्ही सगळं बरोबर ठेवलं होतं."

"मग मी रोज रात्री एमिलची माफी मागतेय, ती कशाबद्दल?" ती म्हणाली.

ड्वाइट, साठ ओलांडलेला माणूस, माझ्यासमोर रडायला लागला, नाक पुसत, आवाज न करता. मिसेस ब्रांटने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने तिने मान वळवली आणि मला हुडकलं. तिला बारीक दिसत नव्हतं, पण माझा चेहरा तिने अचूक शोधला.

"याचं कळलं मला," ती म्हणाली. "याला लेन्स हवी होती. माणसाला वस्तूची हाव सुटते. पण तू त्या दिवशी शेजारीच उभी होतीस. आज दुपारी इथे उभी होतीस. तुला काय हवं होतं गं?"

मी उत्तर शोधायला लागले. लेन्स मला नको होती, पैसेही नको होते. त्या शनिवारी मला भूक लागली होती आणि घरी जायचं होतं, एवढंच खरं होतं. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि सगळ्यात वरच्या तावदानावरची पिशवी सोडवायला लागले. तिच्या कप्प्यांत एकही चेहरा आता उरला नव्हता.