दुसऱ्याचं वाचू नये

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. एका घड्याळजींच्या दुकानातल्या मागच्या खोलीत, मुक्या झालेल्या गजराच्या घड्याळांच्या फळीखाली माझा मुक्काम आहे. माझ्या पोटात एक झुरळ राहतं. पंख्याजवळ ऊब मिळते म्हणून ते आलं आणि मग त्याने संसार थाटला. तुम्ही नाक मुरडाल. मला मात्र झुरळाची किळस येत नाही. ते माझ्या अंगाखांद्यावरून हजारदा फिरलं असेल, पण त्याने आजवर कुणाचं पत्र वाचलेलं नाही.

किळस कशाची येते, ते सांगायलाच बसलो आहे.

माझं तारुण्य एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं. तिथे मी चष्म्यांचे नंबर सांभाळले. नवा संगणक आल्यावर मला दाराशी ठेवलं आणि वाऱ्याने दार आपटू नये हे काम दिलं. तेही मी चोख केलं. घड्याळ द्यायला आलेल्या घड्याळजींनी मला तिथे पाहिलं आणि म्हणाले, "हा जिवंत आहे अजून." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे सगळे गुन्हे माफ केले असते. जवळजवळ सगळे.

त्यांच्या भाचीने मला नव्या कामाला लावलं. इंटरनेटवरची एक मोठी वसाहत डोळ्यांपुढे आणा. तिला मालक नाही. हजारो घरं, एकेक घर म्हणजे एकेक संगणक, प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे. एका घरात कुणी काही लिहिलं की त्याच्या प्रती बाकीच्या घरांत जातात. मी त्यातलं एक घर झालो आणि खाती उघडून माझ्यात दोनशे अकरा माणसं राहायला आली. "इथे आपली माहिती कुणी विकत नाही," असं ती एकमेकांना अभिमानाने सांगत. खरंच होतं ते. उघड्यावर पडलेली वस्तू विकत कोण घेणार?

माझ्याकडे 'खासगी' नावाचं एक बटण होतं. लोकांना वाटे, ते दाबलं की पाकीट बंद झालं. प्रत्यक्षात पत्र पोस्टकार्डासारखं उघडंच राही. ज्यांची नावं त्यात घातली त्यांना ते जाई, आणि चालकाने मनात आणलं तर त्यालाही वाचता येई. माझे चालक घड्याळजी. त्यांनी मनात आणलं नाही. घड्याळांच्या झाकणाआड लोक काय काय कोरून घेतात, तिकडेही ते कधी बघत नसत. त्यांनी एका चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत 'दुसऱ्याचं वाचू नये' असं लिहून ती माझ्या कपाळावर चिकटवली. त्या चिठ्ठीमुळे माझी छाती फुगली. पंखा अडकला होता असं भाची म्हणाली, पण ते असो.

माझ्यात 'चिमटा' या टोपणनावाने एक बाई राहत होती. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. खिशांत सापडणाऱ्या वस्तूंवर ती लिहायची. "आज मोठ्या सर्जनच्या कोटात यादी सापडली. दूध, ब्रेड, धीर." असलं वाचून घरोघरी लोक हसायचे. 'शुभ्र' नावाचा एक गृहस्थ तर दुसऱ्या घरातून तिच्या प्रत्येक विनोदाला बदाम द्यायचा. हा शुभ्र म्हणजे तिच्याच धुलाईखान्याचा मुकादम होता. ते तिने त्याच्या फोटोवरून ओळखलं होतं. चिमटा कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी तिने बहिणीला खासगी पत्र लिहिलं. 'ताई, तो बदामवाला म्हणजे आमचा मुकादम. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी न उकळता नुसत्या खंगाळून परत पाठवतो. मी तक्रार करणार आहे.' आणि ताईला नीट कळावं म्हणून मुकादमाचं 'शुभ्र' हे नाव तिने आधी ॲटची खूण लावून लिहिलं. ती खूण लावली की त्या माणसाचं नावही पत्त्यात जातं. पत्र ताईला पोचलं आणि मुकादमालाही पोचलं. खाली सही होती, 'तुझी धाकटी'. पण धुलाईखान्यात इस्त्रीला बायका तीनच, आणि त्यांत धाकटी बहीण एकच.

चिमटा धावत दुकानात आली. "काका, पुसा ते. आत्ताच्या आत्ता."

घड्याळजींनी पुसलं. "पण पोरी, आपलं पुसणं म्हणजे दुसऱ्या घरांना विनंती असते. ऐकायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

ताईच्या घराने ऐकलं. मुकादमाच्या घराच्या चालकाने कळवलं, "आमच्याकडे काहीही पुसलं जात नाही. आम्ही स्वातंत्र्यवादी आहोत." मित्रांनो, उष्टं ताट न विसळणाऱ्या माणसाने स्वच्छतेवर भाषण द्यावं, तसं ते वाक्य होतं.

तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. पाठोपाठ मुकादम स्वतः दुकानात आला. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं साबणासारखं गुळगुळीत.

"काका, तिची खासगी पत्रं फक्त बघू द्या. तक्रारीत आणखी कोण आहे, एवढंच हवंय. तुमच्या बोटाखालीच तर आहेत."

"माझ्या बोटाखाली रोज शंभर घड्याळं असतात. म्हणून काही मी एकाची वेळ दुसऱ्याला सांगत नाही," घड्याळजी म्हणाले. "तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे. निघा."

मला इतकं बरं वाटलं, की माझ्या पोटातलं झुरळही थांबलं.

मुकादम गेला. घड्याळजींनी दार लावलं, खुर्ची ओढली आणि चिठ्ठी अलगद सोलून बाजूला ठेवली. स्वतःशीच म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच. पत्रांत काय आहे ते कळलं, तर सांभाळता तरी येईल." त्यांनी तिची पत्रं उघडली. इस्त्रीवाल्या दुसऱ्या दोघींची नावं होती, ती वाचली. तिथे थांबता आलं असतं. ते पुढे वाचत गेले. मग शेजारच्या बेकरीवाल्याची पत्रं उघडली. त्यात कुणाचं भलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मधूनमधून ते हसत होते. संध्याकाळी त्यांनी नव्या डिंकाने चिठ्ठी परत चिकटवली, सरळ रेषेत, अगदी काळजीपूर्वक.

महिन्याभराने चौकशी लागली आणि मुकादमाची बदली झाली. दोघी मैत्रिणींचं नाव कुठे आलं नाही. ती कामावर परतली आणि थेट दुकानात आली. हात कोटाच्या खिशात, चेहरा फुललेला.

"काका, मुकादमाला तुम्ही पत्रं दाखवली नाहीत म्हणून वाचलो आम्ही."

"अगं, त्यात काय एवढं," घड्याळजी म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच तर वाईट. "अंगठा बरा आहे ना आता? फोड फोडू नकोस, मलम लाव."

ती हसता हसता थांबली. खिशातला हात तिने बाहेर काढलाच नाही.

"अंगठ्याचं मी फक्त ताईला लिहिलं होतं."

घड्याळजींनी माझ्या कपाळावरची चिठ्ठी बोटाने दाबून पाहिली.

"माझं खातं बंद करा," ती म्हणाली. "आणि विनंती करू नका कुणाला. नुसतं बंद करा."

आता माझ्यात दोनशे दहा माणसं आहेत आणि कपाळावर चिठ्ठी आहे. भाची महिन्यातून एकदा माझी धूळ पुसते. मित्रांनो, जुन्या यंत्राची निगा राखा, पंखा साफ ठेवा, असं मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. एवढंच करा, की कुणाचं पत्र तुमच्या हाताखाली आलं तर हात उचला. आणि माझ्या पोटातल्या झुरळावर औषध मारू नका. या घरात विश्वासाचं तेवढंच एक उरलं आहे.