बोल्टवरचा नंबर

संग्रहालयाचा पारखी म्हणजे सख्ख्या आईकडेही जन्माचा दाखला मागणाऱ्यांतला माणूस. सकाळपासून तो नेमबाजी क्लबच्या टेबलाशी भिंग घेऊन बसला होता आणि त्याच्यासमोर क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांची लेक जुन्या फौजी रायफलीचा एकेक भाग सुटा करून ठेवत होती. क्लबकडे अशा पाच रायफली होत्या. त्यांतली पहिली संग्रहालयाला हवी होती, पण सगळे भाग मूळचे असतील तरच.

"नळी, सांगाडा, दस्ता. तिन्हींवर एकच नंबर," पारखी म्हणाला. "आता बोल्ट द्या."

तिने बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा, भिंगाखाली धरला. सांगाड्यावर शेवटचे आकडे होते दोन-सात-चार. बोल्टवर होते तीन-शून्य-नऊ.

"बदललेला!" पारख्याने खुर्चीला पाठ टेकली. "इतकी छान रायफल, आणि शेवटी मिठाचा खडा पडलाच."

तिला त्याचं बोलणं ऐकूच आलं नाही. तीन-शून्य-नऊ हा पाचव्या रायफलीचा नंबर होता, आणि पाचवी रायफल त्या घटकेला खिडकीबाहेर साठ पावलांवर, तिच्या धाकट्या भावाच्या गालाला लागलेली होती.

जुन्या रायफलींचं दुखणंच असं असतं. ज्याचा बोल्ट त्यालाच बसतो. दुसऱ्याचा बसवला तर आत जातो, फिरतोही, पण काडतुसामागे केसाएवढी फट राहू शकते. मग दारू पेटली की जोर पुढे जायच्या ऐवजी मागे उलटतो, आणि मागे असतो माणसाचा डोळा.

बाहेर चार नेमबाज पालथे पडले होते. "भरा!" असा बाबांचा हुकूम तिने आत्ताच ऐकला होता. आता त्यांची शिट्टी वाजली की गोळीबार सुरू.

खरं तर तिने तिथूनच "थांबा" म्हणून बोंब मारायला हवी होती. क्लबचा नियमच तसा होता, ओरडायचा हक्क सगळ्यांना. पण ओरडलं की कारण वहीत लिहावं लागे, आणि चुकीची रायफल ज्याने पास केली त्याची तपासनीसाची जागा जाई. रायफली पास करायचे ते बाबाच. फौजेतून आल्यावर त्या माणसाला या पाच रायफलींखेरीज दुसरं जगच नव्हतं. 'यांना घरी बसवलं तर महिन्याभरात आटपतील' असं आई उघड म्हणायची. म्हणून लेक ओरडली नाही. बोल्ट मुठीत घेऊन ती धावत सुटली. भावाचा बोल्ट गुपचूप बदलू, कोणाला पत्ता लागणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मास्तर ओठांच्या कोपऱ्यात शिट्टी धरून उभे होते.

"बाबा, पहिलीत पाचवीचा बोल्ट आहे," ती कानाशी कुजबुजली. "धाकट्याला उठवा काहीतरी निमित्त काढून."

"काहीतरीच काय! काल पाचही बोल्ट मी स्वतः धुतले. ट्रेमध्ये ओळीने लावले, ओळीने बसवले."

"नंबर वाचलेत?"

"तिसरा वाचला, भिंगातून. तिसरा बरोबर, म्हणजे ओळ बरोबर. आणि माझ्या हाताला कळतं गं. हो बाजूला, वेळ झाली."

ट्रे म्हणताच तिला आठवलं. काल संध्याकाळी टेबल पुसायला तिनेच तो ट्रे उचलला होता आणि तसाच परत ठेवला होता. कुठलं तोंड कुठे, ते कोण बघतं? ओळ उलटी झाली की पहिल्याचा पाचवा होतो, दुसऱ्याचा चौथा. मधला तेवढा जागच्या जागी राहतो. म्हणजे एकटा धाकटाच नव्हे, समोरच्या चारांपैकी तिघांच्या तोंडाशी मरण होतं. हे गुपचूप निस्तरण्यातलं नव्हतं.

तिने बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. "वाचा."

मास्तरांनी तो डोळ्यांजवळ आणला. मग हात लांब केला. मग आकड्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ऊन येतंय डोळ्यावर," ते म्हणाले.

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. तिला रडूच आलं, आणि तेवढाच त्यांचा रागही आला.

"बाबा, तिघांचे बोल्ट चुकीचे आहेत. ट्रे मी फिरवला. आता तुम्ही ओरडा, नाहीतर मी ओरडते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रांगेतून धाकटा पुटपुटला, "बाबा, वाजवा ना!" शिट्टी अजून ओठांतच होती, आणि नुसता जोरात सोडलेला श्वाससुद्धा पुरला असता. मास्तरांनी हाताने ती काढली आणि लाल झेंडा वर केला.

"थांबा! बोटं चापावरून काढा! बोल्ट उघडा, काडतुसं बाहेर!"

त्या आवाजाला तीस वर्षं पलटणी थांबल्या होत्या. चारही बोल्ट खाडकन उघडले, काडतुसं गवतात पडली. धाकटा उठून बसला, कपाळाला आठ्या घालून.

क्लबचे सेक्रेटरी वही घेऊन धापा टाकत आले. मागून पारखीही आला, भिंग अजून हातातच.

"कारण काय लिहू, मास्तर?"

"लिहा, तपासनीसाला आकडे दिसत नाहीत," मास्तर म्हणाले. "वर्ष होत आलं. घरीही बोललो नाही. रायफली हाताच्या अंदाजावर पास करत होतो."

"थांबा," लेक म्हणाली. "रायफली पास केल्याच्या नोंदीखाली दुसरी सही माझी आहे. दुसऱ्याने परत तपासायचं, म्हणून तर दोन सह्या असतात. बाबांच्या मागून नंबर वाचणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं वाटायचं मला. मी कधीच वाचले नाहीत. तेही लिहा."

सेक्रेटरींनी दोघांकडे पाहिलं आणि खाली मान घालून लिहू लागले.

टेबलावर पाचही रायफली आल्या. ती एकेक बोल्ट उचलून आकडे मोठ्याने वाचत होती, सांगाड्याशी ताडून बसवत होती. मास्तर शेजारी उभे होते, रिकाम्या हातांनी. पहिली झाली, दुसरी झाली. तिने तिसरी पुढे ओढली.

"ती बरोबर आहे," मास्तर हळूच म्हणाले. "ती मी वाचली होती."

तिचा हात क्षणभर अडला. मग तिने बोल्ट बाहेर काढला, उजेडात धरला आणि त्यांच्यादेखत आकडे वाचले.